परसातल्या कोंबड्यांची हकीकत

मंडळाच्या साठाव्या वर्षाची स्मरणिका काढावयाचे ठरले, तेव्हा कार्यकारिणीतल्या मुलींनी (त्याही आता पन्नाशीला आल्या आहेत, पण मला त्या मुलीच) येऊन सांगितले, "आजी, मंडळाचा इतिहास तुम्ही लिहायचा." इतिहास लिहिणे हे काही माझे काम नव्हे. अध्यक्षा कोण झाल्या, शिवणयंत्रे कधी आली, हळदीकुंकवाला पाहुण्या म्हणून कोणाला बोलाविले, हे सारे इतिवृत्ताच्या वह्यांत आहेच. त्या वह्या घेऊन बसले आणि एक गंमत ध्यानात आली. पहिल्या आठ-दहा वर्षांच्या इतिवृत्तांत सर्वांत अधिक वेळा आलेला शब्द 'भगिनी' नाही, 'सभा' नाही. तो आहे 'कोंबडी'. तेव्हा म्हटले, आपण तिचीच हकीकत लिहावी. त्या हकीकतीत माझ्या वाट्याची एक गोष्ट अशी आहे की, ती कोणत्याही वहीत नोंदलेली नाही. तीही ओघाने येईल.

माथेरानच्या डोंगराच्या पायथ्याशी आपले गाव. पहाटे डोंगराच्या बाजूने जो आवाज येतो तो राखी रानकोंबड्याचा, हे येथल्या पोरासोरांनाही ठाऊक आहे. आपल्या परसातली कोंबडी याचीच लेक, असे मला पुष्कळ वर्षे वाटे. पण ते तसे नाही. घरच्या कोंबडीचा मूळपुरुष तांबडा रानकोंबडा. तो उत्तरेकडे हिमालयाच्या पायथ्याला, पूर्वेकडच्या साल वृक्षांच्या जंगलात आणि तेथून पुढे ब्रह्मदेश-सयामपर्यंत राहतो; सह्याद्रीत तो नाही. सिंधू संस्कृतीच्या लोकांनी कोंबडी प्रथम माणसाळविली असे पूर्वी सांगत. २०२२ साली जे संशोधन प्रसिद्ध झाले त्यात सर्वांत जुन्या, खात्रीच्या घरगुती कोंबड्यांची हाडे थायलंडात मिळाली असून त्यांचा काळ इसवी सनापूर्वी १६५० ते १२५० असा धरला आहे. माणसाने भात पेरावयास सुरुवात केली, शेताच्या कडेला दाणे सांडू लागले, आणि ते टिपावयास रानपाखरे आली, असे त्या विद्वानांचे म्हणणे आहे. मला हे पटते. आपल्याकडेही कोंबडी माणसाच्या नव्हे, भाताच्या मागे येते. खळ्याच्या दिवसांत कोणाची कोंबडी कोणाच्या अंगणात असते ते पाहावे.

मात्र आपला राखी रानकोंबडा अगदीच परका नव्हे. कोंबडीचे पिवळे पाय आणि पिवळी कातडी हा गुण तांबड्या रानकोंबड्याकडून आलेला नसून राखी रानकोंबड्याकडून आला आहे, असे २००८ साली दाखविण्यात आले. म्हणजे केव्हा तरी, कोठे तरी दक्षिणेत, एखादी घरची कोंबडी रानाच्या कडेला गेली आणि तेथून काही घेऊन आली. या राखी कोंबड्याच्या मानेवरची ठिपक्यांची पिसे एके काळी विलायतेत माशांचे गळ सजविण्यासाठी जात. त्यापायी त्याची फार शिकार झाली.

माथेरानचा आणि आपल्या कोंबड्यांचा संबंध मात्र त्या डोंगरावर साहेब चढला तेव्हापासूनचा. ठाण्याचे कलेक्टर मॅलेट १८५० साली चौक गावाहून वर गेले आणि पुढे तेथे बंगले उठले. १९०७ साली नेरळहून छोटी गाडी सुरू झाली. वर शेत नाही, खाणारी तोंडे मात्र पुष्कळ. तेव्हा भाजी, दूध, जळण, कोंबडी, अंडी हे सर्व खालून डोक्यावर वाहून न्यावे लागे. माझ्या सासूबाई सांगत की, त्यांच्या सासूच्या वेळी हंगामात वाडीवरच्या ठाकरणी टोपलीत भाताचे तूस घालून त्यात अंडी रचीत आणि उन्हाच्या आत वर पोचत. फुटलेल्या अंड्याचे पैसे वाहणारीच्या मजुरीतून कापीत. सासूबाई हे सांगताना हसत. पण त्या टोपल्या आमच्याच घरातून भरून जात, म्हणजे पैसे कापणारे आम्हीच, हे माझ्या पुष्कळ उशिरा ध्यानात आले.

मी १९६३ साली लग्न होऊन या गावी आले. आमचे 'हे' शाळेत शिक्षक, घरी भाताची शेती. परसात दगडमातीचे खुराडे, त्याला पाटीएवढे दार आणि दाराला लावावयास चपटा दगड. दिवस मावळताना हा दगड लावणे हे नव्या सुनेचे काम. दगड लावावयास विसरले तर मुंगूस किंवा रानमांजर विसरत नसे. आठ-दहा कोंबड्या, एक कोंबडा, दोन-तीन तलंगा आणि पिल्ले असतील ती. दिवसभर त्या आपले पोट आपण भरीत. सकाळी मूठभर कणी किंवा कोंडा टाकला की आपले कर्तव्य झाले. पिल्लांसाठी मात्र सासूबाई वाळवी आणवीत. फुटक्या मडक्यात शेण आणि पालापाचोळा भरून ते वारुळाजवळ पालथे घालावयाचे. दोन दिवसांनी उचलले की आत वाळवी लागलेली असे. ते मडके पिल्लांपुढे आपटले की काय झुंबड उडे! पिल्लांना प्रथिने पाहिजेत हे पुढे पुस्तकात वाचले, पण वाळवीचे मडके पुस्तकाच्या आधीचे.

कोंबडी खुडूक झाली, म्हणजे अंगाला हात लावू देईना, पिसे फुलवून जागा धरून बसू लागली, की तिच्याखाली दहा-बारा अंडी ठेवीत. टोपलीत राख, राखेवर भात्याण, त्यावर अंडी. शेजारी एखादा लोखंडी खिळा आणि कोळसा. विजेच्या कडकडाटाने अंडी फुसकी होतात म्हणून हा उतारा. खिळ्याने वीज कशी थांबते ते मला ठाऊक नाही; पण मीही ठेवीत असे, कारण न ठेवल्यास आणि अंडी फुकट गेल्यास घरात काय ऐकावे लागेल हे ठाऊक होते. सातव्या दिवशी अंधाऱ्या खोलीत कंदिलासमोर अंडे धरून पाहावयाचे: आत कोळ्याच्या जाळ्यासारख्या तांबड्या रेषा दिसल्या तर जीव धरला, नुसते स्वच्छ दिसले तर काढून घ्यावयाचे. एकविसाव्या दिवशी पिल्ले. मृग लागल्यावर कोंबडी बसवू नये, हा नियम. ओल, थंडी आणि घार यांतून पावसाळी पिल्लू वाचत नाही. मार्गशीर्ष-पौषाची पिल्ले सर्वांत चांगली.

अशी ही गावठी कोंबडी वर्षाला पन्नास-साठ अंडी घाली. त्यांतली काही उबवणीला जात, काही आल्यागेल्याला, एखादे बाळंतिणीला. उरलेली दर आठवड्याला अंडीवाला येऊन घेऊन जाई. चार आण्याला एक असा भाव मला आठवतो. आणि हा पैसा बाईचा. भाताचा पैसा पुरुषाच्या हाती, दुधाचा सासऱ्यांच्या हाती. अंड्यांचा मात्र फडताळातल्या डब्यात. त्यातून बांगड्या, माहेरी जाण्याचे भाडे, पोरांच्या पाट्या-पेन्सिली. कोणी विचारीत नसे. वाडीवर तर कोंबडी म्हणजे बाईची पेढीच होती. कोणी आजारी पडले की एक कोंबडी उतरवावयाची.

मंडळ स्थापन झाले तेव्हा गावात विकास गटाची कामे येऊन काही वर्षे झाली होती. सामूहिक विकासाची योजना २ ऑक्टोबर १९५२ रोजी देशात सुरू झाली आणि महाराष्ट्रात १ मे १९६२ पासून जिल्हा परिषदा आल्या. शिवाय युनिसेफच्या साह्याने पोषण आहाराचा एक कार्यक्रम राज्याराज्यांत चालू झाला होता. त्यात भाजीची परसबाग, माशांची तळी आणि कोंबड्या ही कामे महिला मंडळांनी करावीत अशी कल्पना होती. आमच्या ग्रामसेविका बाई सायकल हाती धरून बांधावरून येत. त्यांनी पहिल्याच सभेत मांडले की, मंडळाने सुधारित जातीचे पक्षी घ्यावे आणि अंडी बालवाडीच्या मुलांना द्यावी.

त्या सभेचे इतिवृत्त पाहण्यासारखे आहे. "बराच वेळ चर्चा झाली" एवढेच लिहिले आहे. चर्चा म्हणजे काय, तर पेठेतल्या दोन-तीन भगिनी उठून निघाल्याच. त्यांच्या घरात अंडे येत नसे. मंडळाच्या वर्गणीतून कोंबड्या म्हणजे त्यांना विटाळच वाटला. आम्ही कुणबी-मराठ्यांच्या बायका गप्प बसलो. आमच्या घरी खात होते, पण सभेत "आम्ही खातो" असे म्हणावयास जीभ रेटेना. तेव्हा ग्रामसेविका बाईंनी गांधीजींचा दाखला दिला. १९४२ साली पुण्याच्या आगाखान महालात नजरकैदेत असताना गांधीजींनी आरोग्यावर जे पुस्तक लिहिले त्यात त्यांनी म्हटले आहे की, ज्या अंड्यातून पिल्लू निघूच शकत नाही असे अंडे, दूध घेणाऱ्या माणसास वर्ज्य मानण्याचे कारण नाही. यावर पेठेतल्या वयस्क काकू म्हणाल्या, "गांधीजींनी खाल्लं होतं का?" बाईंना उत्तर सुचेना. अखेर तडजोड झाली: कोंबड्या मंडळाच्या खोलीत नकोत, देवळाच्या बाजूस नकोत, आणि हिशोबाची वही वेगळी. ती वेगळी वही अजून आहे. पुढे त्याच काकूंनी ती अकरा वर्षे ठेवली आणि एका पैशाचीही चूक होऊ दिली नाही, हे मुद्दाम सांगते.

पक्षी आले ते पांढरे लेगहॉर्न. इटलीतल्या लिव्होर्नो बंदराचे नाव इंग्रजांच्या तोंडी लेगहॉर्न झाले आणि तेथून ही जात अमेरिकेत जाऊन सुधारली. वर्षाला दोनशेवर अंडी, असे आम्हास सांगितले गेले आणि ते खोटे नव्हते. पण ती दोनशे अंडी तयार मिश्र खाद्यावर, जाळीच्या घरात, तुसाच्या गादीवर ठेवलेल्या कोंबडीची. आमच्याकडे त्या आल्या परसात. पांढरीशुभ्र कोंबडी हिरव्या रानात! घारीला आणि शिक्र्याला आमंत्रणच. गावठी कोंबडी तपकिरी, करड्या, चितकबऱ्या रंगाची असते. घारीची सावली पडली की ती करवंदीच्या जाळीत शिरते आणि दिसेनाशी होते. या बिचाऱ्या मधोमध उभ्या राहात. दुसरे असे की, लेगहॉर्न खुडूक होत नाही. जास्त अंड्यांसाठी तिच्यातून तो गुण निवडून काढून टाकलेला. म्हणजे अंडी भरपूर, पण पुढची पिढी सरकारी केंद्रावरून आणावी लागणार. सासूबाईंनी एका वाक्यात निकाल दिला, "जी आई होत नाही, ती घरची कशी?" हे जरा कठोरच झाले, पण त्यातला हिशोब बरोबर होता. पुढे ऱ्होड आयलंड जातीचे तांबडे नर गावठी कोंबड्यांत सोडण्याची योजना आली, ती आपल्याकडे अधिक मानवली. आजही एखाद्या परसात तांबूस, जाड पायांची कोंबडी दिसते ती त्यांचीच वंशज.

आता मरीविषयी.

शिमगा झाला, हवा तापली, की दोन-चार वर्षांआड कोंबड्यांची मर येई. कोंबडी माना मुरगाळी, चोच उघडून धापा टाकी, हिरवट-पांढरी हगवण लागे, पंख लोंबत, आणि दोन-तीन दिवसांत सारे खुराडे रिकामे. गावात म्हणत, वारा आला; कोणी म्हणे देवीचे राहिले. तिचे नाव रानीखेत, हे पुढे कळले. १९२६ साली ही साथ जावा बेटात आणि इंग्लंडातील न्यूकॅसल येथे ओळखली गेली; पाठोपाठ एक-दोन वर्षांतच कुमाऊँच्या डोंगरातील रानीखेत येथे आढळली आणि आपल्या देशात तिला तेच नाव पडले. एका गावाच्या नावावर हे कायमचे बसले, याचे मला वाईट वाटते. त्यांनी काय पाप केले होते?

हिच्यावरची लसही त्याच डोंगरातली. १८८९ साली पुण्यात जनावरांच्या रोगांसाठी सरकारी प्रयोगशाळा निघाली. रोगजंतूंचे काम थंड व वस्तीपासून दूर अशा ठिकाणी करावे म्हणून १८९३ साली ती कुमाऊँतील मुक्तेश्वर येथे नेण्यात आली. त्या मुक्तेश्वरात १९४० नंतरच्या दशकात रानीखेतच्या विषाणूची धार बोथट करून लस तयार झाली. पुढे ती पुण्यात औंधच्या सरकारी संस्थेतही होऊ लागली. म्हणजे पुण्याची शाळा डोंगरात गेली, आणि तिची विद्या परत पुण्याला आली. आपल्या गावापासून पुणे ते किती! पण ते अंतर काटावयास आपल्याला पुष्कळ वर्षे लागली.

मंडळाच्या स्थापनेनंतर दुसऱ्याच वर्षीची गोष्ट. चैत्रातली जत्रा तोंडावर आली होती. राखणीला कोंबडा पाहिजे होता, तो घरचा न मारता मी आठवड्याच्या बाजारातून एक स्वस्तात आणला. स्वस्त का, हे विचारले नाही. रात्री तो इतरांबरोबर खुराड्यात ठेवला. पाचव्या दिवशी दोन कोंबड्या मान वाकडी करून बसल्या आणि संध्याकाळपर्यंत मेल्या. सासूबाई म्हणाल्या, "मर दिसते. धडधाकट आहेत त्या आजच्या आज विकून टाक." मी म्हटले, "आत्याबाई, आणि घेणाऱ्याचं काय?" त्यांनी उत्तर दिले नाही. सगळे तेच करीत, हे त्यांचे उत्तर होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी वाडीवरची बाय जळणाची मोळी घेऊन आली. ती आमच्याकडे नेहमीची. माझ्या पहिल्या बाळंतपणात तिने मला तेल लावले होते. तिची लेक लग्नाची झाली होती आणि चौदा कोंबड्या तिने त्यासाठी सांभाळल्या होत्या. मी तिला दोन चांगल्या, अंड्यावर आलेल्या कोंबड्या दाखविल्या. "वहिनी, एवढ्या चांगल्या का ग विकतेस?" तिने विचारले. मी म्हटले, "पैशाची नड आहे." तिने मोळीचे पैसे वळते केले, वर काही दिले, आणि दोन्ही कोंबड्या पाय बांधून घेऊन गेली.

आठ दिवसांत वाडीवर एकही कोंबडी उरली नाही. केवळ तिचीच नव्हे, शेजारच्या झोपड्यांचीही. लग्न पुढल्या वर्षावर गेले. मी त्या कोंबड्यांचे पैसे परत करावे असे मनात आले, पण परत करावयाचे तर का हे सांगावे लागले असते. तिने मला काही विचारले नाही. मोळी घेऊन ती पूर्वीसारखीच येत राहिली, आणि तेच मला जड गेले.

रानीखेतची साथ कशी पसरते हे पशुवैद्यकीय दवाखान्याच्या पर्यवेक्षकांनी त्याच वर्षी पावसाळ्यात मंडळाच्या सभेत समजावून सांगितले. नवा आणलेला पक्षी पंधरा दिवस वेगळा ठेवावा. मर लागल्यावर पक्षी विकू नये, वाटू नये. मेलेला पुरून टाकावा, पिसे-आतडी उघड्यावर टाकू नये. एकेक वाक्य माझ्यासाठीच होते. मी मान खाली घालून वहीत लिहून घेत होते, आणि ते माझ्याच अक्षरात अजून आहे.

लस तेव्हाही मिळत होती, सरकारी होती, फार महाग नव्हती. तरी ती गावात का येत नव्हती, याचे कारण मला मंडळाच्या कामात कळले. लसीची कुपी शंभर पक्ष्यांची. ती बर्फात ठेवावी लागे आणि पाण्यात कालवली की दोन-तीन तासांत संपवावी लागे, नाहीतर निकामी. आता शंभर कोंबड्या कोणा एका बाईकडे असतात? आठ हिच्या, सहा तिच्या, चार पलीकडच्या आळीत. शिवाय त्या दिवसा सापडणार कशा? म्हणजे लस टोचावयाची तर पंधरा-वीस घरांनी एकाच पहाटे, खुराड्याचा दगड न काढता वाट पाहिली पाहिजे. हे काम दवाखान्याचे नव्हते; ते बायकांचेच होते.

पहिल्या खेपेस फजिती झाली. बर्फ आणावयाचा तो स्टेशनावरच्या मासळीवाल्याकडून. ज्यांच्यावर हे काम सोपविले होते त्यांची गाडी चुकली. थरमासात नुसते कोमट पाणी घेऊन ते दुपारी आले. तोवर कोंबड्यांनी खुराड्यात कलकलाट करून गाव उठविले होते आणि नवरे मंडळींनी आमची यथेच्छ थट्टा केली होती. तशीच ती लस टोचली. पुढल्या उन्हाळ्यात मर आली आणि टोचलेल्याही मेल्या. मग काय विचारता! "सुईनेच मेल्या" असे गावभर झाले. त्यानंतर दोन वर्षे मंडळात कोंबडीचे नाव काढण्याची सोय नव्हती.

तिसऱ्या वर्षी पुन्हा धरले. या वेळी आमचे 'हे' स्वतः आदल्या रात्री जाऊन पहाटेच्या गाडीने बर्फ आणि कुपी घेऊन आले. पण शंभर पक्षी भरावयाचे तर वाडी पाहिजे होती. वाडीवर कोण जाणार? मी म्हटले, मी जाते.

बायने तोवर पुन्हा चार-पाच कोंबड्या जमविल्या होत्या. ती म्हणाली, "सुई टोचली का अंडी बंद होतात म्हणं." हे अगदीच खोटे नव्हते, टोचल्यावर आठवडाभर अंडी कमी होतात. मी तसे तिला सांगितले. तिने माझ्याकडे थोडा वेळ पाहिले. मग म्हणाली, "हे तू सांगतेस, म्हणजे खरं सांगतेस." आणि घरोघर जाऊन तिनेच सगळ्यांना तयार केले. त्या पहाटे कंदिलाच्या उजेडात आम्ही एकशे बारा कोंबड्या धरल्या. कुपी शंभराची, बारा राहिल्या. त्यांत माझ्या आठ होत्या. पुढे उन्हाळ्यात मर आली, आसपासच्या गावांत खुराडी ओस पडली, आणि आपल्याकडे टोचलेल्यांपैकी थोड्याच गेल्या. माझ्या आठांपैकी एक वाचली. त्या वर्षापासून आजतागायत मंडळाची लसीची पहाट चुकलेली नाही.

त्याच पावसाळ्यानंतर मी बायला दोन तलंगा अर्धेलीने दिल्या. अर्धेलीने म्हणजे कोंबडी आपली, पाळणारी ती, पिल्ले निम्मी निम्मी. माझ्या मनात निम्मी घ्यावयाची नव्हतीच. तिची चौदा भरून निघावी एवढाच हेतू. पण पिल्ले मोठी झाल्यावर ती बरोबर निम्मी डालग्यात घालून घेऊन आली. मी म्हटले, "राहू दे गं तुलाच." ती म्हणाली, "वाटा म्हणजे वाटा, वहिनी. मी फुकटचं घेत नाय." दर वर्षी ती आणीत राहिली. मला ते घ्यावे लागले.

पुढचा इतिहास सर्वांना ठाऊक आहे, तो थोडक्यात उरकते. १९७१ साली डॉ. बी. व्ही. राव यांनी वेंकटेश्वरा हॅचरीज सुरू केली आणि हळूहळू कोंबडी हा परसाचा नव्हे तर शेडचा विषय झाला. आपल्या तालुक्यातही लांबच लांब शेड उभ्या राहिल्या. सहा-सात आठवड्यांत तयार होणारी पांढरी कोंबडी बाजारात आली आणि अंडे वर्षभर, कोणत्याही दुकानात, एका मापाचे मिळू लागले. गरिबाच्या ताटात अंडे आले हे चांगलेच झाले. त्याबद्दल नाक मुरडणाऱ्यांपैकी मी नाही. पण आमचा अंडीवाला यावयाचा बंद झाला आणि फडताळातला डबाही.

मग फेब्रुवारी २००६. नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूर येथे बर्ड फ्लू निघाला. देशातला तो पहिलाच. मोठ्या शेडमधले पक्षी मारले, त्याबरोबर भोवतालच्या गावांतून आदिवासी बायांच्या परसातल्या कोंबड्याही पकडून नेल्या. वर्तमानपत्रातली चित्रे पाहून मला आपल्या वाडीची रिकामी खुराडी आठवली. २०२२ साली तर शेजारच्या ठाणे जिल्ह्यात, शहापूर तालुक्यातल्या वेहळोलीपर्यंत तो आला होता. रानीखेतप्रमाणे यावर आपल्याकडे घरगुती कोंबडीला टोचावयास लस नाही. पक्षी मारणे हाच उपाय. तेव्हा नवा पक्षी वेगळा ठेवणे, मेलेल्याची खबर लपवून न ठेवणे, हे त्या जुन्या वहीतले नियम पुन्हा मोठ्याने वाचावे लागतात.

अलीकडे वारे उलटे फिरले आहे. शनिवार-रविवारी मुंबईची मंडळी येतात आणि गावठी अंडे म्हटले की दुकानातल्याच्या दुप्पट-तिप्पट पैसे काढून देतात. बंगळूरच्या कृषी विद्यापीठाची गिरिराज, हैदराबादची वनराज अशा रंगीत जाती परसासाठी म्हणून निघाल्या आहेत. दिसावयास गावठीसारख्या, अंडी तिच्याहून दुप्पट, पण खुडूक होण्याचा त्यांचाही आळस. तेव्हा गिरिराजची अंडी आणि खाली बसावयास गावठी कोंबडी, अशी युक्ती आपल्या भगिनींनी काढली आहे. सासूबाई असत्या तर त्यांनी हिला दाई म्हटले असते.

बाय जाऊन आता वीस वर्षे होऊन गेली. तिची नात उमेद अभियानात पशुसखी झाली आहे; लसीची पेटी आता तीच खांद्याला लावून येते, आणि बर्फाऐवजी गोठविलेल्या पाण्याच्या पिशव्या असतात. हा लेख छापावयास देण्यापूर्वी मी तिला बोलावून, तिच्या आजीविषयीचा भाग वाचून दाखविला. तिची परवानगी घेतल्यावाचून तो देणे मला योग्य वाटेना. तिने शेवटपर्यंत ऐकले. मग पेटीचे झाकण लावता लावता म्हणाली, "आम्हाला ठाऊक आहे, आजी. आमची आजी सांगायची, ती मर वहिनीच्या दोन कोंबड्यांबरोबर आली. छापा तुम्ही." आणि उंबऱ्यापर्यंत जाऊन वळून म्हणाली, "गुरुवारी पहाटे येते. कोंबड्या सोडू नका."